इंदूरमधले बेघरपण संपवण्यासाठी दीर्घकाळ टिकणारी आघाडी कशी उभी करावी?

रामबागकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. आमचा काही कुटुंबांचा गट दरवर्षी थंडी सुरू झाली की सरवटे बस स्टँड, रेल्वे स्टेशन आणि एम. वाय. रुग्णालयाच्या आसपास उघड्यावर झोपणाऱ्यांना पांघरुणे आणि गरम जेवण पोहोचवतो. हेच काम गुरुद्वाऱ्याची मंडळी, एक चर्च, दोन मोहल्ल्यांतले मुस्लिम तरुण, महाविद्यालयांतले राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आणि हमालांची एक संघटना आपापल्या परीने करत असतात. त्यामुळे एकाच रात्री एकाच माणसापुढे जेवणाची तीन पाकिटे येतात आणि पलीकडच्या गल्लीत झोपलेल्याला काहीच मिळत नाही, असे वारंवार घडते.

या हिवाळ्यानंतर आम्ही सारे प्रथमच एकत्र बसलो. तेव्हा हमाल संघटनेतल्या एका काकांनी विचारले की आपण ज्यांना पांघरूण देतो त्यांतले कितीजण पुढच्या वर्षी त्याच जागी सापडतात, आणि जे सापडत नाहीत त्यांचे काय होते. त्या एका प्रश्नावर बैठकीचा उरलेला सगळा वेळ गेला. शेवटी असे ठरत आले की सर्वांनी मिळून एक आघाडी करावी आणि तिने मदतवाटपापुरते न थांबता शहरातले बेघरपण संपवण्याचे उद्दिष्ट ठेवावे, मग त्याला दहा वर्षे लागली तरी चालतील.

यापूर्वी असे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांच्याकडून मला काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ‘संपवणे’ हे उद्दिष्ट प्रामाणिकपणे ठेवता येते का, की त्यातून लोकांच्या मनात खोटी आशा निर्माण होते? आपण पुढे सरकत आहोत की नाही हे कशावरून ओळखायचे? आणि इतक्या वेगवेगळ्या स्वभावांच्या संस्था थंडी सरल्यावरही एकत्र कशा ठेवायच्या? महापालिका आणि जिल्हा प्रशासन यांच्याशी नाते कसे असावे, याविषयी तर आमच्यातच दोन तट आहेत.

जुनी इंदूरवासी

रामबागकर, आपल्या काकांनी विचारलेला प्रश्नच या कामाचा पाया आहे, म्हणून त्यांना माझा नमस्कार सांगा. मी नोकरीची बरीच वर्षे नागरी विकासाच्या कामात काढली आहेत, त्या अनुभवावर विसंबून थोडे सविस्तर लिहितो.

उद्दिष्टाबद्दल आधी बोलू. यापुढे या शहरात कोणाचेही छप्पर जाणार नाही, असे वचन कोणतीही आघाडी देऊ शकत नाही. माणसे आजारी पडतात, घरातून काढली जातात, काम सुटते, मुले म्हाताऱ्यांना विसरतात. परंतु ज्याचे छप्पर गेले तो काही आठवड्यांच्या आत पुन्हा छपराखाली जाईल, अशी व्यवस्था उभी करता येते. अमेरिकेत काही शहरांच्या आघाड्यांनी याची फार नेमकी कसोटी ठरवली आहे. शहर एका महिन्यात जितक्या माणसांना घर मिळवून देऊ शकते हे त्याने प्रत्यक्ष सिद्ध केले असेल, त्यापेक्षा बेघर असलेल्यांची संख्या कमी राहिली पाहिजे, आणि ती तशी टिकून राहिली पाहिजे. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड या मध्यम आकाराच्या शहराने २०१५ मध्ये माजी सैनिकांच्या बाबतीत हे साधले आणि २०१७ मध्ये वर्षानुवर्षे रस्त्यावर असलेल्यांच्या बाबतीतही. ह्यूस्टन हे त्याहून कितीतरी मोठे शहर. तिथे २०१२ पासून शंभराहून अधिक संस्था एकाच व्यवस्थेखाली काम करू लागल्या आणि २०११ च्या तुलनेत बेघरांची संख्या निम्म्याहून खाली आली.

ही उदाहरणे मी उमेद वाढावी म्हणून देतो आहे, पण त्यातला फरक दृष्टीआड करून चालणार नाही. तिथे घरभाड्याचा मोठा भाग सरकारी निधीतून येतो आणि आपल्याकडे तशी सोय नाही. फिनलंडमध्येही १९८०च्या दशकापासून सरकार, पालिका आणि घरे बांधणारी एक सार्वजनिक हिताची संस्था सातत्याने एकत्र राबत आल्या, २००८ पासून ‘आधी घर, मग बाकीचे उपचार’ हे तत्त्व देशभर लागू झाले आणि संख्या वर्षानुवर्षे घटत गेली. नंतर गृहभत्त्यात कपात झाली आणि २०२४ च्या मोजणीत ती संख्या कित्येक वर्षांनी प्रथमच वाढली. म्हणजे इतकी वर्षे कमावलेलेही राखावे लागते. या लोकांकडून त्यांची मोजण्याची शिस्त घ्यावी. पैशाची वाट मात्र आपल्याला आपल्या परिस्थितीतच शोधावी लागेल.

आता मोजण्याविषयी. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे १७.७३ लाख लोक बेघर होते. २००१ च्या तुलनेत एकूण संख्या घटली, पण शहरांतली संख्या ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेली. आपल्या मध्य प्रदेशात हा आकडा सुमारे १.४६ लाख होता. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. एका रात्रीच्या मोजणीत केटरिंगच्या कामावर गेलेला माणूस सुटतो, सियागंजात रात्री ट्रक रिकामे करणारा सुटतो आणि भीतीपोटी आडोशाला झोपणारी बाई तर हमखास सुटते. आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ, आलिराजपूर, धार आणि बडवानीकडचे मजूर भगोरिया या आदिवासी मेळ्यासाठी गावी जातात. त्या दिवसांत मोजणी केली तर अर्ध्या पुलांखालच्या जागा रिकाम्या दिसतील आणि आपल्याला वाटेल की काम झाले.

म्हणून आघाडीजवळ आकडा नको, नावनिशीवार यादी हवी, आणि ती सर्व संस्थांची मिळून एकच हवी. माणूस स्वतः सांगेल ते नाव, अंदाजे वय, कुठून आला, किती काळ बाहेर आहे, रात्री कुठे झोपतो, काय काम करतो, कोणता आजार आहे, सोबत कोण आहे आणि त्याला स्वतःला काय हवे आहे, एवढे त्यात असावे. शेवटचा प्रश्न बहुतेक सर्वेक्षणांत नसतो, तो जरूर ठेवा. मग दर महिन्याला तीन गोष्टी पाहायच्या: नवीन कोण आले, छपराखाली कोण गेले आणि गेलेल्यांतले परत कोण आले. पांघरुणे किती वाटली याची नोंद हिशेबाच्या वहीत असू द्या, प्रगतीचा अहवाल म्हणून ती कधीही मांडू नका. पाच हजार पांघरुणे वाटूनही एकही माणूस घरात गेलेला नाही, असे सहज घडू शकते.

यादी करायला लागलात की दिसेल की एकाच फुटपाथवर अगदी निरनिराळ्या अडचणींची माणसे झोपलेली असतात. एम. वाय.च्या बाहेर रात्री स्टोव्ह, पातेले आणि पिशव्या घेऊन बसलेले बरेचजण रुग्णांचे नातेवाईक असतात. त्यांना आठ-पंधरा दिवसांपुरती स्वस्त धर्मशाळा हवी असते. हंगामी मजुराचे गावी घर असते आणि शहरात त्याला कामाजवळ सुरक्षित मुक्काम हवा असतो. ज्याला खरोखर कुठेच जायला जागा नाही, असा माणूस यांच्यामध्येच पडलेला असतो. तिघांनाही आपण एकाच नावाने हाक मारली तर त्या तिसऱ्याची पाळी कधीच येत नाही.

छावणीतील परिचारिका

जुनी इंदूरवासी काकांनी लिहिलेले पटले. मी रुग्णालयाच्या बाजूने एक भर घालते, कारण नवीन माणसे रस्त्यावर कुठून येतात याचा एक दरवाजा मी नोकरीभर पाहिला आहे. तो दरवाजा म्हणजे रुग्णालयातून सुट्टी देताना मिळणारा कागद, डिस्चार्जचा.

मी ज्या रुग्णालयात होते तिथले एक उदाहरण सांगते. मांडीचे हाड मोडलेला, पन्नाशीतला एक माणूस होता. शस्त्रक्रिया होऊन हाडाला धातूची पट्टी बसली, टाके चांगले होते, सुट्टी झाली. केसपेपरवर पत्त्याच्या रकान्यात ‘बस स्टँड’ एवढेच लिहिलेले. त्याच्या हातात कुबड्या, गोळ्यांची पिशवी आणि सहा आठवड्यांनी दाखवायला या असे सांगणारा कागद. पायावर भार टाकायचा नाही, जखम कोरडी ठेवायची, ड्रेसिंग एक दिवसाआड बदलायचे, हे सगळे मीच त्याला समजावून सांगितले आणि तो मान हलवत राहिला. बस स्टँडवर पायावर भार न टाकता शौचालयापर्यंत कसे जायचे, हे त्याने मला विचारले नाही. काही दिवसांनी तो परत आला तेव्हा जखमेत पू झाला होता. ज्या शस्त्रक्रियेवर एवढा खर्च झाला ती छपराअभावी वाया जाण्याच्या बेतात आली.

म्हणून माझा आग्रह आहे की आघाडीने सर्वांत आधी शहरातल्या मोठ्या रुग्णालयांच्या समाजसेवा विभागांशी बोलावे. ज्याला घर नाही अशा रुग्णाची सुट्टी होण्याच्या दोन दिवस आधी आघाडीला फोन यावा आणि बरे होईपर्यंत राहता येतील अशा थोड्याशा खाटा शहरात असाव्यात. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही, दोन खोल्या, एक सांभाळणारा आणि आठवड्यातून काही वेळा येणारी परिचारिका पुरते. आमच्यासारख्या निवृत्त परिचारिका याला सहज तयार होतील.

दुसरी गोष्ट मानसिक आजाराची. रस्त्यावर स्वतःशी बोलत फिरणारा माणूस दिसला की लोक त्याला जेवण देतात आणि पुढे जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा व्यक्तीला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे, आणि ती बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घेणेही. हे कलम पोलीस ठाण्यातही पुष्कळांना माहीत नसते. आपल्याकडे बाणगंगेला सरकारी मनोरुग्णालय आहे, त्यामुळे इंदूरमध्ये निदान न्यायचे कुठे हा प्रश्न पडत नाही. खरा प्रश्न बरे झाल्यावर उठतो. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी: रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करायचे आणि मग त्यांना दूरदूरच्या गावी, त्यांच्या माणसांत पोहोचवायचे. ज्यांना परत जायला घरच उरलेले नाही त्यांच्यासाठी चेन्नईच्या बनयन संस्थेने साध्या वस्तीत भाड्याची घरे घेऊन चार-पाच बायकांना एकत्र राहण्याची आणि सोबतीला एका मदतनिसाची सोय केली. दोन्ही वाटा आपल्याला लागतील. गोळ्या चालू राहिल्या नाहीत तर घरी पोहोचवलेला माणूस वर्षभरात पुन्हा कुठल्यातरी स्टेशनवर सापडतो, हे मात्र आघाडीने पहिल्या दिवसापासून गृहीत धरावे.

रामबागकर

आपणा दोघांचेही मनापासून आभार. सुट्टीच्या कागदाचा विचार आमच्या बैठकीत कोणीच मांडला नव्हता. यादीबद्दल एक अडचण विचारतो. आमच्यातल्या काही तरुणांचे म्हणणे आहे की प्रत्येकाचा फोटो आणि माहिती व्हॉट्सॲपच्या गटात टाकावी, म्हणजे सर्व संस्थांना लगेच कळेल. मला हे खटकते, पण दुसरा मार्ग सुचत नाही. शिवाय बहुतेकांकडे कोणतेच कागदपत्र नसते, तेव्हा नुसत्या यादीचा उपयोग किती?

वैशाली नगरच्या ताई

रामबागकर दादा, फोटो अजिबात टाकू नका. मी एका निवाऱ्याच्या व्यवस्थापन समितीवर काम केले आहे. तिथे नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून लेकरासह निघून आलेल्या बायका असत, आणि त्यांचा फोटो शहरभरच्या गटांत फिरणे म्हणजे नवऱ्याला पत्ता देणेच होते. यादी एका संस्थेकडे, एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात ठेवा. बाकीच्यांनी फोन करून विचारावे आणि कामापुरतेच सांगितले जावे. ज्या माणसाची नोंद करायची त्याला आधी विचारा, त्याने नको म्हटले तर नाव न घालता नुसती खूण ठेवा. तीन-चार वेळा भेटून ओळख झाली की बहुतेकजण आपणहून सांगतात.

कागदपत्रांचे म्हणाल तर हेच काम सर्वांत कंटाळवाणे आहे आणि याच कामाने सर्वांत जास्त दारे उघडतात. मध्य प्रदेशात पेन्शन असो, रेशन असो, कोणतीही योजना घ्या, समग्र आयडी, म्हणजे राज्याने दिलेला ओळख क्रमांक मागितला जातो. समग्र काढायला गेले की आधार मागतात, आधारला पत्ता मागतात आणि पत्ता नाही म्हणूनच तर माणूस आपल्याकडे आलेला असतो. यातून सुटका आहे. कागदपत्रे नसलेल्या माणसाची आधार नोंदणी परिचयदात्याच्या, म्हणजे त्याची ओळख देणाऱ्या अधिकृत व्यक्तीच्या आधारे करण्याची तरतूद आहे. मतदार यादीत नाव घालण्यासाठीही बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही. नमुना ६ मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची आणि बूथ स्तरीय अधिकारी रात्री तिथे जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का हे पाहतो. ही रात्रीची भेट व्हावी म्हणून पाठपुरावा करावा लागतो, आणि त्या रात्री तो माणूस जागेवर असावा म्हणून आपल्यातल्या कोणालातरी तिथे थांबावे लागते. आघाडीतल्या विद्यार्थ्यांना हे काम द्या. पांघरुणे वाटण्यापेक्षा ते कितीतरी अवघड आहे आणि त्यातून ते पुष्कळ शिकतील.

आता रैन बसेऱ्यांबद्दल, म्हणजे बेघरांसाठीच्या निवाऱ्यांबद्दल. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांसाठी दर लाख लोकसंख्येमागे एक, वर्षभर आणि चोवीस तास चालणारा निवारा असावा असे निर्देश दिले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तोच निकष घेतला आणि प्रत्येक निवाऱ्यात शंभर माणसांची सोय, माणशी पन्नास चौरस फूट जागा असे प्रमाण ठरवले. इंदूरची लोकसंख्या २०११ मध्येच वीस लाखांच्या घरात होती, तेव्हा निकषाने किती निवारे हवेत हा हिशेब सोपा आहे. आघाडीने एकदा सगळे निवारे रात्री आणि दुपारीही पाहून यावेत. दुपारी जाणे महत्त्वाचे, कारण रात्रपाळीच्या माणसाला दिवसा झोपायला जागा लागते आणि तापाने फणफणलेल्याला सकाळी सहा वाजता बाहेर काढता येत नाही.

लोक निवाऱ्यात यायला तयार नसतात अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. आमच्या समितीत आम्ही ती कारणे एकेकाला विचारून लिहून काढली होती. हातगाडी बाहेर ठेवली तर चोरीला जाते आणि आत घेऊ देत नाहीत. नवरा-बायकोला वेगळे झोपावे लागते, आणि बारा वर्षांच्या मुलाला आईपासून काढून पुरुषांच्या दालनात पाठवतात. कुलूप लावता येईल अशी पेटी नसते, म्हणून गवंड्याची थापी आणि ओळंबा उशाखाली घेऊन झोपावे लागते. बायकांच्या शौचालयाला आतून कडी नसते. यातले एकही कारण दुराग्रहाचे नाही. एका निवाऱ्यात फक्त कुलपाच्या पेट्या आल्या आणि गाडी लावायला कुंपणाच्या आत जागा मिळाली, तर तोवर बाहेर झोपणारी माणसे हळूहळू आत येऊ लागली.

तरीही निवारा म्हणजे घर नव्हे, हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. माणूस वर्षानुवर्षे त्याच खाटेवर राहिला तर आपले काम अर्धवटच राहिले. लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर या आपल्या वस्त्यांत मागच्या बाजूला किंवा गच्चीवर एखादी रिकामी खोली असलेली पुष्कळ घरे आहेत आणि त्यात एकटे राहणारे वृद्धही आहेत. मालकाला भाडे बुडण्याची भीती वाटते, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते आणि शेजारी काय म्हणतील ही काळजी असतेच. आघाडीने अनामत रक्कम भरावी, पहिल्या वर्षाच्या भाड्याची हमी घ्यावी आणि महिन्यातून दोनदा तिथे जाऊन यावे. दोघे कमावते पुरुष मिळून एक खोली सहज चालवू शकतात. आपल्या समाजाकडे पैशापेक्षा ओळख आणि शब्द मोठ्या प्रमाणात आहेत, ते या कामी लागले पाहिजेत.

तुकोगंजमधील वकील

प्रशासनाशी नाते कसे असावे, या प्रश्नाला अजून कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो. ताईंच्या शब्दांत मला फेरफार करायचा नाही, फक्त त्याला कायद्याची एक चौकट घालतो.

२९ जानेवारी २०२१ चा दिवस आपण इंदूरकरांनी विसरू नये. त्या दिवशी महापालिकेच्या गाडीतून काही वृद्ध, अशक्त बेघर माणसांना देवास रस्त्यावर क्षिप्रा गावाजवळ नेऊन उतरवण्यात आले. गावकऱ्यांनी हरकत घेतली, चित्रीकरण केले, तेव्हा त्यांना पुन्हा गाडीत चढवून परत आणले गेले. पुढे अधिकाऱ्याचे निलंबन झाले आणि शहराने जाहीर दिलगिरीही ऐकली. पण माणसे दिसेनाशी करणे आणि बेघरपण संपवणे यांत किती अंतर आहे, हे त्या चित्रीकरणात सगळ्या देशाने पाहिले. नंतर २०२५ च्या पहिल्या दिवसापासून शहरात भीक देण्यावरही बंदी आली. भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनाला माझा विरोध नाही, ते मनापासून व्हावे. मात्र बेघर आणि भिकारी हे एकच, असे समजून चालणे चुकीचे आहे. बेघरांपैकी पुष्कळजण हमाली करतात, भंगार वेचतात, लग्नसराईत वाढप करतात, आणि भीक मागणाऱ्यांतही घर असलेले लोक असतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, त्या शहराला लागू असलेल्या कायद्यातली भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली ती निव्वळ गरिबी हा अपराध होऊ शकत नाही या भूमिकेतून. त्याआधी १९८५ मध्येच मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला होता.

तेव्हा आघाडीच्या पहिल्याच ठरावात दोन गोष्टी लेखी असाव्यात. आघाडीची यादी कोणालाही हटवण्यासाठी कधीही, कोणत्याही कार्यालयाला दिली जाणार नाही, आणि कोणालाही त्याच्या संमतीवाचून कुठे नेले जाणार नाही, वैद्यकीय आणीबाणीची गोष्ट वेगळी. एवढे ठरले की मग प्रशासनाशी मोकळ्या मनाने काम करा. ज्या महापालिकेने ८५ वॉर्डांतल्या घराघरातून ओला आणि सुका कचरा वेगळा गोळा करण्याची शिस्त बसवली आणि २०१७ पासून सलग कित्येक वर्षे स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवला, तिच्याकडे वॉर्डावॉर्डापर्यंत पोहोचणारी माणसे आणि यंत्रणा आहे. ती यंत्रणा या कामात आली तर आपल्या आघाडीला दहा वर्षे लागणारच नाहीत, असे मला प्रामाणिकपणे वाटते. शत्रुत्व धरून हे काम होणार नाही, आणि होकारापुरते सोबत राहूनही होणार नाही.

जुनी इंदूरवासी

वकील साहेबांच्या दोन्ही ठरावांना माझा पूर्ण पाठिंबा. रामबागकरांचा एक प्रश्न शिल्लक आहे, थंडी सरल्यावर संस्था एकत्र कशा राहाव्यात.

याचे उदाहरण शोधायला आपल्याला परदेशात जावे लागत नाही. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांची देणी मिळण्याचा मार्ग डिसेंबर २०२३ मध्ये मोकळा झाला, तेव्हा सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपये निघाले. मधल्या बत्तीस वर्षांत कित्येक कामगार वारले, तरी उरलेल्यांनी आणि वारलेल्यांच्या घरच्यांनी दावा सोडला नाही. या शहरातल्या साध्या माणसांनी एवढा काळ एकत्र राहून दाखवले आहे. त्यांच्याजवळ एक नेमकी मागणी होती, कोणाचे किती देणे आहे याची नावानिशी यादी होती आणि बैठकांना येण्याची सवय होती. आपल्याला नेमके तेच हवे आहे.

व्यवहारात बोलायचे तर महिन्यातला एक ठरलेला वार बैठकीसाठी ठेवा आणि तो मे महिन्याच्या उन्हातही मोडू नका. उन्हाळ्यात रस्त्यावरची माणसे थंडीइतकीच हाल सोसतात आणि पावसाळ्यात त्याहूनही जास्त, फक्त तेव्हा आपण घराबाहेर पडत नाही. बैठकीत यादीतली नावे एकेक करून घ्या. ‘या काकूंचे पुढे काय’ असे विचारले की कोण काय करणार हे तिथल्या तिथे ठरते, आणि गुरुद्वारा मोठा की मंडळ मोठे ही चर्चा आपोआप मागे पडते. आघाडीचे वेगळे बँक खाते उघडण्याची घाई करू नका; प्रत्येक संस्थेने आपला खर्च आपल्याच खात्यातून करावा. मात्र एका पगारी कार्यकर्त्याचा किंवा कार्यकर्तीचा पगार सर्वांनी वाटून घ्यावा, कारण यादी अद्ययावत ठेवणे हे फावल्या वेळात होणारे काम नाही. निमंत्रकपद वर्षाला बदलावे.

सुरुवात सर्वांपासून करू नका. एक छोटा गट घ्या, उदाहरणार्थ स्टेशन आणि सरवटे परिसरात एकट्या झोपणाऱ्या साठीपुढच्या बायका. त्या प्रत्येकीला छप्पर मिळाले आणि नवीन आलेली काही आठवड्यांत आत जाऊ लागली की तेवढ्यापुरते तुमचे उद्दिष्ट साध्य झाले, आणि ते लोकांना दाखवता येते. मग पुढचा गट घ्या. सोबतच येणारा ओघ रोखण्याचे काम हमाल संघटनेकडे आणि वकील साहेबांकडे सोपवा. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३४ ने मजुरांची तात्पुरती राहण्याची सोय करण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. ही जबाबदारी शहरातल्या मोठ्या बांधकामांवर पाळली गेली तरी पुलांखालची कित्येक कुटुंबे तिथे येणारच नाहीत.

रामबागकर

आपणा सर्वांचे लिहिणे मी येत्या बैठकीत वाचून दाखवणार आहे. वकील साहेबांचे दोन ठराव सर्वांत आधी मांडतो, आणि पहिला गट म्हणून साठीपुढच्या एकट्या बायकांचा प्रस्ताव ठेवतो. पगाराचा वाटा उचलायला आमच्या गटातली काही कुटुंबे तयार होतील असे वाटते, उरलेल्यांशी बोलतो.

परिचारिका ताई, सुट्टीनंतरच्या खाटांसाठी दोन खोल्यांचा विषय मी आमच्या मंडळातल्या ज्येष्ठांकडे काढला आहे. तळमजल्यावरची, पायऱ्या नसलेली आणि शौचालय जोडून असलेली जागा लागेल, असे मी त्यांना सांगितले. आणखी काही असायला हवे असल्यास कृपया इथेच लिहा. आणि लोकमान्य नगर, सुदामा नगर किंवा राजेंद्र नगर भागात कोणाकडे भाड्याने देण्याजोगी खोली असेल, किंवा अशा घरमालकांची ओळख असेल, तर त्यांनी मला खासगी संदेश पाठवावा. अनामत आणि भाड्याची हमी आघाडी लेखी देईल, असे मी बैठकीत मंजूर करून घेण्याचा प्रयत्न करतो.